दाढेची भीती आणि हातातला मोबाइल



यंदा हुरड्याला आमचे सगळे घर मळ्यात जमले होते. आगटी पेटली होती, कोवळी कणसे भाजून चोळली जात होती, शेजारी शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दह्याचे गाडगे. पोरेसोरे हात-तोंड काळे करून घेत होती. माझी नात मात्र एका अंगाला बसून होती. ती नववीत शिकते. हुरड्याची मूठ हातात घेई, दोन दाणे डाव्या गालात टाकी आणि बाकीचे हळूच धाकट्या भावापुढे सरकवी. "पोट भरलं, आज्जी," म्हणाली. चौदा वर्षांच्या पोरीचे पोट हुरड्याच्या चार दाण्यांनी भरते होय?

रात्री पाहिले तर उशीला लवंगेच्या तेलाचा वास. सकाळी तिला अंगणात उन्हात बसवले आणि तोंड उघडायला लावले. उजवीकडची खालची दाढ मधोमध काळी पडून पोखरलेली, आणि तिच्या बुडाशी हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी.

"किती दिवस झाले गं?"

"दिवाळीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतंत."

दोन महिने पोरीने ठणका गिळला, पण डॉक्टर नको. ऐकून मला राग यायला हवा होता. आली ती लाज. कारण या भीतीचे बी आमच्याच घरात पेरले गेले आहे आणि पेरणाऱ्यांत मीही होते.

तिचा बाप, म्हणजे माझा थोरला मुलगा, अकरा वर्षांचा असतानाची गोष्ट. साल १९८८. त्याची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. आठ दिवस आम्ही घरचे उपाय करून पाहिले. शेवटी बाजाराच्या दिवशी त्याला गाडीत बसवले. "कुठं चाललोय?" त्याने विचारले. "बाजाराला. तुला भजी घेऊन देते," मी म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर तो थबकला, तेव्हा म्हणाले, "अरे, नुसतं दाखवायचंय." आत गेल्यावर दोघांनी हात धरले, त्याच्या वडिलांनी डोके धरले. सुई दिली होती, पण दाढ बधिर झालीच नव्हती, आणि तशीच ती उपटली गेली. बाहेर आल्यावर मी भज्यांचा पुडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. घरी येईपर्यंत माझ्याकडे बघितलेही नाही.

त्या दिवसापासून तो दंतवैद्याच्या दारात पुन्हा गेलेला नाही. आज पन्नाशीला टेकला आहे. चार दाढा गेल्या आहेत, भाकरी कालवणात कुस्करल्याखेरीज खाता येत नाही. दाढ दुखली की दुकानातून गोळी आणतो आणि गालाला फडके बांधून झोपतो. त्याच्या लेकीने लहानपणापासून हेच पाहिले. भीती काही रक्तातून येत नाही. पोरे ती आपल्या डोळ्यांनी घरात बघतात आणि उचलतात.

हा भित्रेपणा नव्हे

आपल्याकडे अशा पोरांना पटकन "भित्रट" म्हणतात. विहिरीत सूर मारणारा, रात्री एकटा पाणी धरायला जाणारा मुलगा दातांच्या खुर्चीला मात्र भितो. त्याला भित्रट कसे म्हणायचे? दातांच्या खुर्चीत माणूस उताणा पडलेला असतो, तोंड उघडे, बोलता येत नाही, काय चालले आहे ते दिसत नाही, आणि कानाशी यंत्राची घरघर. आपल्या हातात काहीच नाही, या जाणिवेने भल्याभल्यांना घाम फुटतो.

बारा ते अठरा वर्षांच्या वयात तर हे जास्तच बोचते. लहान पोराला आई मांडीवर घेते. मोठ्या माणसाला आपले बरे-वाईट कळते. मधल्या वयातल्या पोरांना ना रडता येते, ना "मी घाबरलो" असे म्हणता येते. कोणी हसेल याचीच त्यांना धास्ती. म्हणून ती दुखणे लपवतात. याच वयात तोंडात कायमच्या दाढा येऊन बसलेल्या असतात. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्याच्या. ती गेली की पुन्हा उगवत नाही.

आणखी एक धोका सांगते, कारण तो आपल्याच गावांतला आहे. दाढ दुखली की कोणीतरी शेजारीण सांगते, "जरा मिसरी दाबून धर, ठणका जाईल." मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. कितीतरी बायांना मिसरीची सवय अशी दाढदुखीतूनच लागलेली मी पाहिली आहे. दाढ पुढे पडून जाते, मिसरी राहते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. दवाखान्याच्या भीतीने पोर मिसरीकडे वळले, तर ती भीती किती महागात पडली!

खोंड आणि जू

नातीला घेऊन मी तालुक्याला गेले. या वेळी तिच्याशी खोटे बोलायचे नाही, असे मनाशी ठरवले होते. "डॉक्टरकडे जायचंय. आज काय करतील ते मला ठाऊक नाही. पण तुला विचारल्याशिवाय काही करू देणार नाही, हा माझा शब्द," एवढेच बोलले. ती आली. बाप मोटरसायकलवरून सोडायला आला, पण दवाखान्याच्या बाहेर चिंचेखालीच थांबला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी हत्यार हातात घेतलेच नाही. खुर्ची वरखाली कशी होते ते दाखवले. लहानसा आरसा नातीच्याच हातात दिला. पाण्याची पिचकारी तिच्या तळहातावर मारून दाखवली. मग तोंड पाहिले, दाढेचा एक्स-रे काढला, औषध लिहून दिले आणि चार दिवसांनी बोलावले.

मला आमचे खोंड आठवले. नव्या खोंडाला कोणी पहिल्याच दिवशी औताला जुंपत नाही. आधी जू त्याला हुंगू देतात, मग मानेवर नुसते ठेवतात, मग रिकामे फिरवतात. पहिल्याच दिवशी आसूड ओढला तर ते बैल जन्मभर बुजरे होते. दंतवैद्यकात याच रीतीला "सांगा, दाखवा, मग करा" म्हणतात. ॲडेलस्टन नावाच्या दंतवैद्याने ती १९५९ साली मांडली आणि आजही जगभर दंतवैद्य ती शिकतात. आपले शेतकरी ती त्याच्या कितीतरी आधीपासून जाणतात. फक्त जनावराला जेवढा धीर देतो तेवढा पोराला देत नाही.

१९८८ साली माझ्या मुलाची दाढ बधिर का झाली नाही, तेही मी बाईंना विचारले. त्यांनी सांगितले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दाढेच्या बुडाशी पू झाला की तिथे आम्लता वाढते आणि बधिर करायचे औषध नीट लागू पडत नाही. म्हणजे भीतीपोटी जितका उशीर, तितके बधिर होणे अवघड आणि दुखणे जास्त. लहानशी कीड असतानाच गेले तर पुष्कळदा सुईशिवायही भरून घेता येते. भिणाऱ्या माणसाने खरे तर सगळ्यांच्या आधी जायला हवे.

"फोन आहे का तुझ्याकडे?"

निघताना बाईंनी नातीला विचारले, "फोन आहे का तुझ्याकडे?" मी म्हटले, झाले, आता या दोन शब्द सुनावणार. मोबाइलवरून आमच्या घरी रोज वाद असतो. "तो डबा खाली ठेव," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते. पण बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना तुला आवडणारी गाणी किंवा एखादी मोठी गोष्ट त्यात भरून आण. कानाला लावायची वायर आण. आणि मी सांगते तसा श्वासाचा सराव चार दिवस कर."

मला नवल वाटले. बाईंनी मग समजावले. पाटाला पाणी सुटले की आपण दारे धरतो. एका वाफ्याचे दार उघडले की दुसऱ्याकडे जाणारे पाणी कमी होते. वेदनेचेही काहीसे असेच आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत जणू एक दार असते आणि ते कमी-जास्त उघडते. भीतीने ते अधिक उघडते; मन शांत असले, दुसरीकडे गुंतले असले की ते मिटत येते. त्यांच्या सिद्धान्तात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मन वेदना कमी-जास्त करू शकते हा गाभा टिकून आहे. फोनमधले गाणे दाढ बरी करत नाही. ते लक्षाचे पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवते.

मोठ्या मुलांची ही भीती घालवण्याचे प्रयत्न बाहेरच्या देशांतही चालू आहेत. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातील मंडळींनी ९ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी एक मार्गदर्शिका केली आहे. तिच्या नावाचा अर्थच "तुझे दात, तुझ्या ताब्यात" असा आहे. दंतवैद्याला आपली भीती लिहून कशी कळवावी, थांबण्याची खूण कशी ठरवावी, हे मूल तिच्यातून शिकते. स्वीडनमध्ये ८ ते १५ वर्षांच्या घाबरणाऱ्या मुलांना इंटरनेटवरून, घरबसल्या, आईबापांच्या आणि मानसोपचार जाणणाऱ्यांच्या मदतीने धीर देण्याचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१८ साली छापून आला. या दोन्ही ठिकाणी भीती एका दमात पळवून लावायची नसून, पायरीपायरीने तिच्याजवळ जायचे, हेच सूत्र आहे.

फोन कसा वापरावा

बाईंनी सांगितले आणि आम्ही करून पाहिले ते खाली देते. यासाठी महागडा फोन लागत नाही.

१. *श्वासाचा सराव.* चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर सोडलेला श्वास लांब असला की छातीची धडधड मंदावते. हे शिकवणारी फुकट ॲप असतात; पडद्यावर एक गोल फुगतो आणि आकसतो, त्याच्या तालावर श्वास घ्यायचा. ॲप नसले तर फोनच्या घड्याळाकडे बघत करावे. मात्र सराव घरी, रोज पाच मिनिटे, आधीपासून हवा. आग लागल्यावर विहीर खणून कसे चालेल?

२. *ओळख करून घेणे.* दात कसे तपासतात, कीड कशी भरतात, हे साध्या चित्रांनी दाखवणारी ॲप आणि चित्रफिती मिळतात. त्या आईबापांनी आधी स्वतः पाहाव्यात आणि मग मुलाबरोबर बसून दाखवाव्यात. रक्त, किंकाळ्या आणि उपटलेल्या दाढा दाखवणाऱ्या चित्रफितींचाही फोनवर सुकाळ आहे. आमच्या पोरीने दिवाळीपासून नेमक्या त्याच पाहिल्या होत्या! त्यांनी भीती दुप्पट होते.

३. *गाणी आणि गोष्टी आधीच उतरवून ठेवाव्यात.* दवाखान्यात रेंज मिळेलच असे नाही. ऐन वेळी गाणे अडकले की मन पुन्हा यंत्राच्या आवाजाकडे धावते. फोन घरून पुरा चार्ज करून न्यावा. गाणे कोणते, हे मुलाने ठरवावे. आपल्याला आवडते ते भजन त्याच्या कानात घालू नये.

४. *एकच कान झाकावा.* दुसरा कान डॉक्टरांचे बोलणे ऐकायला मोकळा हवा. फोन मांडीवर ठेवावा, तोंडासमोर धरू नये. डॉक्टरांच्या उजेडाला आणि हाताला अडथळा होतो. येणारे फोन बंद करून ठेवावेत. आणि हे सारे डॉक्टरांना आधी विचारूनच करावे.

५. *थांबण्याची खूण.* ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला फोन लागत नाही. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचे, हे आधी ठरवून घ्यावे.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. नातीने पोटभर खाऊन घेतले होते. रिकाम्या पोटी आणि भीतीने या वयाच्या मुलांना भोवळ येते. बाईंनी हिरडीला आधी बधिर करणारा मलम लावला. मग म्हणाल्या, "आता सुई देते. टोचेल. दहा आकडे मोजेपर्यंत टोचेल, मग कमी होईल." दुखणार नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत. नातीच्या एका कानात तिचे गाणे, मांडीवर फोन, पोट श्वासाबरोबर वरखाली होत होते. मी तिच्या पायाशी बसून तिच्याबरोबर आकडे मोजत होते. दहाच्या जागी बारा झाले असतील.

मधेच तिचा डावा हात वर गेला. यंत्राची घरघर तत्क्षणी थांबली. नातीने डोळे उघडून बाईंकडे पाहिले, चूळ भरली, आणि आपणहून पुन्हा मान टेकवली. नंतर मी विचारले, "दुखलं होतं का गं तेव्हा?" म्हणाली, "नाही आज्जी. खरंच थांबतात का, ते बघायचं होतं."

वाचकहो, या एका वाक्यात सगळे आले. गाणे होते, श्वास होता, पण पोरगी सावरली ती समोरच्या माणसाने शब्द पाळला म्हणून. १९८८ साली माझ्या मुलाला मी हाच एक दिला नव्हता.

फोन काय करू शकत नाही

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पोरांना फोन मागायला आणखी एक निमित्त मिळायचे.

कोणतेही ॲप कीड भरत नाही, पू काढत नाही. "घरच्या घरी दात बरे करा," असे सांगणारे ॲप दिसले तर ते खोटे समजावे. पैसे मागणारे, तुमच्या ओळखीच्यांचे नंबर, बँकेचा किंवा आधारचा क्रमांक मागणारे ॲप फोनमध्ये घालूच नये. आदल्या रात्री उशिरापर्यंत फोन बघत जागू नये. अपुऱ्या झोपेने मन अधिकच हळवे होते. आणि ज्या मुलाला फोन नको असेल त्याला तो घ्यायला लावू नये. काहींना हात धरलेला पुरतो, काहींना डॉक्टर काय करत आहेत ते ऐकत राहिले की बरे वाटते.

लक्ष दुसरीकडे वळवणे थोड्या किंवा मध्यम भीतीला उपयोगी पडते. भीती फारच खोल असेल तर तेवढ्याने भागत नाही. ती किती आहे हे घरी ताडून पाहता येते. गेरी हंफ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली पाच साध्या प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. मुलाला शांतपणे विचारावे: उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे असे कळले तर कसे वाटेल? तिथे बाहेर बसून वाट पाहताना? दात कोरायला घेणार असतील तेव्हा? दात साफ करणार असतील तेव्हा? हिरडीत सुई देणार असतील तेव्हा? प्रत्येकाला एक ते पाच गुण. मुळीच भीती नाही तर एक, अतिशय भीती वाटते तर पाच. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती फार मोठी आहे असे समजतात. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा. तोंडाने सांगायला लाजणारे पोर कागदावर खरे सांगते. अशा मुलासाठी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. सरकारची "टेलि-मानस" ही फुकट सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

थांबायचे नाही अशी वेळ

धीराने, पायरीपायरीने, हे सगळे ठीक. पण सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, ताप भरला असेल, तोंड उघडत नसेल, घास किंवा थुंकी गिळताना, श्वास घेताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. दाढेचा पू गळ्यात उतरला तर जिवावर बेतते. तेव्हा गाणी भरत बसू नये.

खर्चाची चिंता प्रत्येक घराला असते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत येते, आणि पाहायच्या आजारांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळा बुडवू देऊ नये; दाढ दुखत असेल तर सांग, असे त्याला बजावावे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात याची चौकशी आशाताईंकडे करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. बाजारात रस्त्याच्या कडेला चटई टाकून दात काढणाऱ्यांकडे मात्र चुकूनही नेऊ नये.

उपचारानंतर

बधिर झालेला ओठ आणि गाल दोन-चार तास तसाच राहतो. तेवढ्या वेळात गरम चहा देऊ नये. भाजले तरी कळत नाही. पोरे गंमत म्हणून ओठ चावतात आणि मग जखम होते. एवढ्या वेळापुरता फोन हातात दिला तरी चालेल!

आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे दात घासावेत. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. दोन मिनिटे किती लांब असतात हे मोजल्याशिवाय कळत नाही. इंग्लंडमधल्या एका दंतवैद्याने "ब्रश डीजे" नावाचे ॲप केले आहे; ते फोनमधलेच गाणे दोन मिनिटे वाजवते आणि गाणे थांबेपर्यंत घासत राहायचे. आमच्या नातीला ही युक्ती सांगितली, तर तिने ॲपशिवायच आपले एक गाणे त्यासाठी ठरवून टाकले. आता पहाटे धारा काढायच्या वेळी मोरीतून ते गाणे ऐकू येते. मला त्यातले अक्षरही कळत नाही, पण मी "डबा बंद कर" म्हणत नाही.

तिची दाढ वाचली. तीन खेपा झाल्या, मूळ साफ करून भरले, वर टोपी बसवायची तेवढी राहिली आहे. तिसऱ्या खेपेला ती एकटी आत गेली आणि मी बाहेर चिंचेखाली मुलापाशी बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आई, तेव्हा मला सांगितलं असतंस ना, तरी मी आलो असतो."

सदतीस-अडतीस वर्षांनी बोलला. मी काय उत्तर देणार? "चुकलंच माझं," म्हणाले.

तो अजून डॉक्टरकडे गेलेला नाही. खोटे कशाला सांगू? पण परवा जेवताना लेकीला विचारत होता, "तो हात वर केल्यावर थांबायचा नियम मोठ्या माणसांनाही असतो का गं?" तिने उत्तर न देता त्याचा मोबाइल उचलला आणि त्यात त्याची आवडती जुनी गाणी भरायला घेतली.

तुमच्या घरातले कोणी एकाच बाजूने जेवत असेल, गार पाणी टाळत असेल, उशीला लवंगेचा वास येत असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्याच्यापाशी बसा. रागावू नका, हसू नका. कुठे जायचे, काय होणार, किती टोचणार, ते खरे सांगा. फोन हाताशी असेल तर तो लावा कामाला. आणि भज्यांचे आमिष दाखवू नका. भजी सगळे उरकल्यावर, ओठाची बधिरता गेल्यावर, सगळ्यांनी मिळून खावीत.